तुम्ही विचारलंत म्हणून : आईला बरोबर नेता येईल का?

व्हिसाचे अर्ज भरून देणे आणि त्यांना लागणारी कागदपत्रे लावून देणे हा माझा नाशिकमधला व्यवसाय आहे. परदेशातल्या नोकरीचे पत्र हाती आलेली मंडळी स्वतःचा व्हिसा, जोडीदाराचा व्हिसा, मुलांची शाळा हे सगळे विचारून झाल्यावर उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतात : "मॅडम, आईला बरोबर नेता येईल का?" कधी वडील नुकतेच गेलेले असतात, कधी दोघेही असतात, पण इंदिरानगरच्या किंवा सिडकोतल्या घरात आता ते दोघेच उरणार असतात. टेबलाशी उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे लिहीत आहे.

तुमच्याच अर्जात आईचे नाव घालून तिला एकाच वेळी न्यायचे, असे मनात असेल, तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या चारही देशांपुरते उत्तर 'नाही' असे आहे. नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्याबरोबर तिथे जोडीदार आणि मुले जाऊ शकतात, आई-वडील नाहीत. आई पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून आहे, तुम्ही एकुलते एक आहात, या गोष्टी कितीही खऱ्या असल्या तरी त्या अर्जात त्यांना रकानाच नसतो. आखातात आणि सिंगापुरात मात्र मार्ग आहे. संयुक्त अरब अमिरातीत पुरेसा पगार आणि राहते घर दाखवणाऱ्याला आई-वडिलांसाठी वर्षावर्षाने नूतनीकरण होणारा निवासी व्हिसा मिळतो, तर सिंगापुरात महिना किमान १२,००० सिंगापूर डॉलर पगार असलेल्या एम्प्लॉयमेंट पासधारकाला आई-वडिलांसाठी दीर्घ मुदतीचा व्हिजिट पास मागता येतो. दोन्हीकडे आईचा मुक्काम तुमच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की दोघांनाही सामान आवरावे लागते. जर्मनीने अलीकडे दार थोडे उघडले आहे. ज्यांना कुशल कामगार म्हणून, उदाहरणार्थ ब्लू कार्डवर, पहिला निवास परवाना १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर मिळाला, त्यांना आई-वडिलांना बोलावता येते. पण त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा यांची सोय आधी दाखवावी लागते, आणि पंचावन्न वर्षांपुढच्या नवागताला तिथल्या सरकारी विम्यात सहसा प्रवेश मिळत नसल्यामुळे घोडे नेमके तिथेच अडते.

म्हणजे प्रश्न 'बरोबर' नेण्याचा उरत नाही, तो 'नंतर' आणि 'किती काळासाठी' असा होतो, आणि माझ्या मते तो तसाच विचारणे आईच्याही हिताचे असते.

अमेरिकेत आई-वडिलांना कायमचे बोलावण्याचा हक्क फक्त नागरिकाला आहे, तोही एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला. ग्रीन कार्डधारकाला तो नाही. नागरिकाच्या आई-वडिलांवर वार्षिक संख्येची मर्यादा नसल्यामुळे त्यांची रांग तुलनेने वेगाने सरकते. परंतु भारतीयाला रोजगारातून ग्रीन कार्ड आणि मग नागरिकत्व मिळेपर्यंत इतकी वर्षे उलटतात, की साठीतली आई ऐंशीच्या घरात पोहोचते. तोपर्यंत हाती राहतो तो पर्यटक व्हिसा. तो बहुधा दहा वर्षांचा मिळतो, मात्र एका खेपेला सहसा सहाच महिने राहता येते, आणि तो मुक्काम किती हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, व्हिसावरची तारीख नव्हे. मुदतीनंतर १८० दिवसांहून अधिक काळ राहून परतल्यास तीन वर्षे, आणि वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहिल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी लागू होते. "एकदा नेऊ, मग तिथे बघू" हा सल्ला नात्यातले कोणीतरी नेहमी देते. त्या सल्ल्याची किंमत आई भरते.

आई-वडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी असलेला कॅनडाचा सुपर व्हिसा मला या सगळ्यांत सर्वांत व्यवहार्य वाटतो. तो २०११ च्या अखेरीस सुरू झाला, आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेला सलग पाच वर्षे राहता येते. व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा असतो आणि कितीही वेळा येजा करता येते. अट अशी, की बोलावणारे अपत्य किंवा नातवंड कॅनडाचे नागरिक किंवा कायम रहिवासी असले पाहिजे, कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेले किमान उत्पन्न त्याला दाखवता आले पाहिजे, आई-वडिलांची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचे संरक्षण देणारा, वर्षभर चालणारा आरोग्य विमा घेतलेला असला पाहिजे. शिक्षणाच्या किंवा कामाच्या परवान्यावर असलेल्यांना याचा उपयोग नाही. त्यांच्या आईला साधा व्हिजिटर व्हिसाच मागावा लागतो. कायमस्वरूपी पालक योजना कॅनडातही आहे, पण ती सोडतीवर चालते, आणि २०२१ ते २०२५ या वर्षांतली निमंत्रणे २०२० मध्ये नावे नोंदवलेल्यांनाच गेली. शिवाय क्वेबेक वगळता वीस वर्षे आई-वडिलांच्या खर्चाची हमी लिहून द्यावी लागते. त्यामुळे तिच्या भरवशावर घर विकू नका, असे मी सांगते.

ऑस्ट्रेलियात आधी अपत्यांची मोजणी होते. निम्मी किंवा अधिक अपत्ये तिथे कायमची राहत असतील, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा तिथे अधिक असतील, तरच पालकांचा कायम व्हिसा मागता येतो. एक भाऊ मेलबर्नला आणि एक नाशिकला असेल तर चालते. मेलबर्नला एक आणि नाशिकला दोघे असतील तर नाही. यात स्वस्त व्हिसाची प्रतीक्षा तीस वर्षांच्या आसपास सांगितली जाते, आणि प्रत्येकी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून कितीतरी अधिक शुल्क असलेल्या व्हिसाचीही दहा वर्षांहून अधिक. सत्तरीतल्या माणसाला तीस वर्षांची रांग दाखवणाऱ्या नियमावर मी काही बोलत नाही. तिथे विचार करावा तो २०१९ पासून सुरू असलेल्या ८७० क्रमांकाच्या तात्पुरत्या पालक व्हिसाचा : तीन किंवा पाच वर्षे, एकूण दहा वर्षांपर्यंत, आणि त्याला अपत्यांच्या मोजणीची अट नाही.

ब्रिटनचे नियम जुलै २०१२ पासून इतके कडक आहेत, की तो मार्ग जवळजवळ बंदच समजावा. आईला अंघोळ, कपडे, स्वयंपाक यांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते, आणि ती मदत मुलाने पैसे पाठवले तरी भारतात मिळू शकत नाही किंवा परवडत नाही, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. नाशिकमध्ये ब्यूरोला फोन केला की दिवसरात्र थांबणारी बाई मिळते. ती मिळते, एवढेच अर्ज नाकारायला पुरेसे कारण ठरू शकते, आणि मुलाचा पगार जितका चांगला तितके हे सिद्ध करणे अवघड.

मी लांब मुदतीच्या तात्पुरत्या व्हिसाच्या बाजूने बोलते, याचे कारण फक्त रांग नव्हे. कायम रहिवासी होणे म्हणजे तिथे राहण्याचे बंधनही स्वीकारणे. ग्रीन कार्ड घेतलेली आई वर्षभराहून अधिक काळ इथे राहिली आणि आधी परवानगी काढलेली नसली, तर कार्ड धोक्यात येते. कॅनडात पाच वर्षांत किमान ७३० दिवस काढावे लागतात. इथे पुन्हा राहायला यायचे आहे, हे ज्या आईने मनाशी ठरवलेले आहे, तिला कार्ड देऊन आपण तिची येजा अवघड करतो. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदार घरांत तर हे फारच स्पष्ट दिसते. एप्रिलची खरड छाटणी उरकून निघायचे आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या आत परतायचे, असा बेत बसवला तर पर्यटक व्हिसाचे सहा महिनेही पुरतात, आणि बाग, सातबारा, परतीचे काम या गोष्टी मुलाखतीत खऱ्याखुऱ्या सांगता येतात. अमेरिकी अधिकारी अर्जदार तिथेच राहणार असे गृहीत धरूनच प्रश्न विचारतो. मुंबईच्या वकिलातीत मराठीतूनही मुलाखत देता येते, तेव्हा आईकडून इंग्रजी वाक्ये पाठ करून घेऊ नका. मुलगा काय करतो, या प्रश्नावर "कॉम्प्युटरमध्ये आहे" हे उत्तर चालते.

आता विमा. लोक विम्याचा हप्ता विचारतात, कलम वाचत नाहीत. परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांच्या अनेक पॉलिसींत अशी अट असते, की पूर्वीचा आजार विमा सुरू होण्याआधी ठरावीक काळ, बहुधा ९० ते १८० दिवस, स्थिर असला पाहिजे. स्थिर म्हणजे त्रास नाही, एवढेच नव्हे, तर औषधातही बदल नाही. रक्तदाबाची गोळी पाच मिलिग्रॅमची दहा झाली, किंवा मधुमेहाची एक गोळी बंद होऊन दुसरी सुरू झाली, तर त्या आजाराचा दावा फेटाळला जाऊ शकतो. निघण्याच्या महिन्यात "एकदा सगळ्या तपासण्या करून घेऊ" म्हणून डॉक्टरांकडे जाणे आणि तिथे औषध बदलून मिळणे, हा क्रम फार घरांत घडतो. तपासण्या सहा-सात महिने आधी करा, औषधे बसू द्या, मग विमा घ्या.

कागदपत्रांत सर्वाधिक वेळ खाते ते आईचे नाव. नाते सिद्ध होते तुमच्या जन्मदाखल्यावरून, आणि जुन्या नोंदीत आईच्या रकान्यात अनेकदा नुसते एक नाव असते, तेही लग्नात बदललेले. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि आडनाव, रेशनकार्डावर सासरचे, पासपोर्टवर स्पेलिंग तिसरेच. परदेशी अधिकाऱ्याला या तीन वेगवेगळ्या बायका दिसतात. त्या काळी लग्नाची नोंदणी झालेली नसली तर ती आता महापालिकेत करता येते, आणि तो दाखला दोन्ही नावांना जोडणारा सर्वांत भक्कम कागद ठरतो. त्याबरोबर प्रतिज्ञापत्र आणि गरज पडल्यास राजपत्रातली नावबदलाची जाहिरात जोडावी. तुमच्या जन्मनोंदीत तुमचेच नाव घातलेले नाही, असेही निघते. नोकरीचे पत्र येण्याची वाट न पाहता हा दाखला आजच कपाटातून काढून वाचावा.

पैशांचा विचार मात्र व्हिसाच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. आई काही महिन्यांसाठीच जात असेल तर फारसे काही बदलत नाही. ती कायमची तिकडे स्थायिक झाली, तर बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे खाते, करावे लागते, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नव्याने पैसे ठेवता येत नाहीत, आणि शेतजमीन असलेली राखता येते पण नवी विकत घेता येत नाही. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण'मधून देता येतो. ते ॲप आईच्याच फोनवर, इथे असतानाच एकदा चालवून पाहावे. बँकेचे सगळे ओटीपी तिच्या इथल्या नंबरवर येतात, तेव्हा त्या नंबरवर रोमिंग सुरू करून घ्यावे, आणि त्याचा रिचार्ज दर वेळी कोणी करायचा हे निघण्याआधीच घरात ठरवून टाकावे.