अभिमान हवाच, पण आजार वेगळा

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी ‘काळा रंग सुंदरच’ असं ठणकावून सांगितलं, केस, नावं, संगीत, इतिहास सगळं अभिमानाने मिरवायला सुरुवात केली, मग त्यांचा न्यूनगंड गेला का? आणि मुलांना समाजाचा अभिमान शिकवला की त्यांचं मन आजारी पडत नाही, असं समजायचं का? विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, पालक असतात, आणि आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते हमखास असतात. ते साहजिकच आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊनच.

तर यात तीन गोष्टी एकत्र कालवल्या जातात. स्वतःबद्दल मला काय वाटतं ही एक. माझ्या समाजाबद्दल मला काय वाटतं ही दुसरी. आणि नैराश्यासारखा आजार ही तिसरी. तिन्ही एकमेकींना लागून असल्या तरी एक सुधारली की बाकीच्या आपोआप सुधारतात, असं होत नाही.

या विषयात बाहुल्यांचा प्रयोग निघतोच, आणि बहुतेकदा अर्धाच सांगितला जातो. मेमी आणि केनेथ क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्याने तो १९४०च्या सुमारास केला आणि १९४७ साली त्याचे आकडे छापले. बाहुल्या चार: दोन तपकिरी कांतीच्या, काळ्या केसांच्या, दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. बाकी साचा एकच, अंगावर फक्त लंगोट. मुलं २५३, वय तीन ते सात. त्यांतली १३४ दक्षिणेत आर्कान्सामधल्या, फक्त काळ्या मुलांसाठी असलेल्या शाळांतली. ११९ उत्तरेत मॅसॅच्युसेट्समधल्या मिश्र शाळांतली. मुलाला एकेक करून आठ वेळा बाहुली मागायची. खेळायला आवडेल ती दे, छान आहे ती दे, वाईट दिसते ती दे, छान रंगाची दे. मग गोऱ्या मुलासारखी दिसणारी, मग काळ्या मुलासारखी दिसणारी (त्या काळचे दोन शब्द वापरून दोनदा), आणि अगदी शेवटी, तुझ्यासारखी दिसणारी दे.

६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली उचलली. ‘वाईट दिसणारी’ म्हणून ५९ टक्क्यांनी तपकिरी बाहुली दिली. ‘तुझ्यासारखी’ म्हटल्यावर ६६ टक्क्यांनी तीच तपकिरी दिली. मागण्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला होता. आधीच्या चाचण्यांत दिसलं होतं की ‘ही माझ्यासारखी’ असं एकदा सांगून बसलेलं मूल मग तिचीच बाजू घेतं, आणि ती आवड खरी असेलच असं नाही. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णानुसार फाळणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या कामाचा दाखला होता. तिथून ‘काळी मुलं स्वतःचा तिरस्कार करतात’ हे वाक्य जगभर गेलं.

न सांगितली जाणारी अर्धी बाजू अशी. गोऱ्या बाहुलीची ओढ मिश्र शाळांतल्या मुलांत जास्त होती, ७२ टक्के; दक्षिणेतल्या वेगळ्या काढलेल्या शाळांत ६२. चौथ्या वर्षापासून सातव्यापर्यंत ही ओढ उतरतही गेली होती. शिवाय मूळ अडचण मोजमापाची आहे. कोणती बाहुली आवडते यावरून बाजारात कोणत्या रंगाला किंमत आहे हे मुलाला कळलंय, एवढंच कळतं. ते स्वतःला कमी लेखतं की नाही, हे त्याला स्वतःबद्दल विचारल्याशिवाय समजत नाही. आणि तसं विचारलं तेव्हा निकाल उलटा आला. आत्मसन्मान मोजायला आजही सर्वांत जास्त वापरली जाते ती मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ची दहा विधानांची प्रश्नावली. अशा मापनांच्या शेकडो तुलना एकत्र करून २००० साली आढावा घेतला, त्यात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा आत्मसन्मान गोऱ्यांपेक्षा कमी तर नव्हताच, किंचित जास्त होता.

हे कसं घडतं, याची उकल जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली मांडली. माणूस स्वतःची तुलना दूरच्या श्रीमंत गोऱ्याशी करत नाही. चर्चमधल्या, गल्लीतल्या, नात्यातल्या माणसांशी करतो. अपमान झाला तर दोष स्वतःच्या कुवतीला न देता समोरच्याच्या पूर्वग्रहाला देतो. आणि ज्या क्षेत्रात आपल्याला मोजलंच जात नाही, त्या क्षेत्राची किंमत मनातून काढून टाकतो. पहिल्या दोन युक्त्या बऱ्या. तिसरी महागात पडते, कारण ते क्षेत्र बऱ्याचदा शाळा असतं. आत्मसन्मान शाबूत राहतो आणि गणिताचा अभ्यास मागे पडतो. म्हणून नुसता आत्मसन्मानाचा आकडा चांगला आला की खूश होणाऱ्या संस्थांवर माझा फार भरवसा नाही.

आता अभिमानाकडे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सेलर्स आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात याचे घटक सुटे केले. ओळखीत माझ्या वंशाला किती मध्यवर्ती जागा आहे. माझ्या माणसांबद्दल मला स्वतःला काय वाटतं. आणि जगाला त्यांच्याबद्दल काय वाटतं असं मला वाटतं. शिवाय समाजाने कसं वागावं याबद्दलची मतं. मनःस्वास्थ्याशी सरळ जुळतो तो दुसरा घटक, आपल्या माणसांबद्दल आतून असलेला आदर. तिसऱ्याचं वागणं गंमतीदार आहे. काही अभ्यासांत असं दिसलं की ‘जग आपल्याला कमी लेखतं’ हे आधीच ठाऊक असलेल्या तरुणांना भेदभावाचा अनुभव आल्यावर मानसिक इजा कमी झाली. ‘सगळे आपल्याला मानतात’ अशा समजुतीत वाढलेल्यांना धक्का मोठा बसला.

घरात याचा उपयोग कसा करायचा? पालक मुलांना देतात ते संदेश संशोधक चार प्रकारांत बसवतात: संस्कृतीचा अभिमान, भेदभावासाठी तयारी, इतरांवर अविश्वास, आणि ‘सगळी माणसं सारखी, रंगाचा विषयच नको’. पहिला प्रकार लहानपणापासून आणि सढळ हाताने द्यावा, पण घोषणांच्या रूपात नको. केस विंचरताना, वेण्या घालताना ‘किती राठ केस आहेत गं’ हे वाक्य आईच्या तोंडून आठवड्याला एकदा गेलं तर भिंतीवरची दहा पोस्टरं पुसली जातात. (कॅलिफोर्नियाने २०१९ साली नैसर्गिक केसांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला, तो उगाच नव्हे.) दुसरा प्रकार वयानुसार द्यावा, आणि इशाऱ्यासोबत कृतीही द्यावी. दुकानात रखवालदार मागेमागे फिरला तर हात कुठे ठेवायचे, पावती का मागून घ्यायची, घरी आल्यावर कुणाला सांगायचं, हे करून दाखवावं लागतं. ‘लोक वाईट असतात, जपून राहा’ एवढंच सांगून थांबलं की तो तिसरा प्रकार होतो. तो एकटाच वाट्याला आलेल्या मुलांत चिंता आणि चिडचिड वाढते. चौथा प्रकार गोड वाटतो, पण पहिला अपमान होतो तेव्हा मुलाकडे त्याचं कारण नसतं. मग कारण म्हणून ते स्वतःलाच धरतं.

इथवर अभिमानाची बाजू भक्कम आहे. पुढे आजार येतो आणि हिशेब बदलतो.

अमेरिकेत २००१ ते २००३ दरम्यान झालेल्या मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी तीव्र नैराश्य आलेल्यांचं प्रमाण गोऱ्यांत १७.९ टक्के आणि आफ्रिकन-अमेरिकनांत १०.४ टक्के निघालं. अनेक जण हा आकडा घेऊन ‘बघा, संस्कृतीचं कवच’ म्हणतात आणि पुढची ओळ वाचत नाहीत. नैराश्य आलेल्यांपैकी ज्यांचं ते चिवटपणे टिकून राहिलं, असे गोरे ३८.६ टक्के होते आणि आफ्रिकन-अमेरिकन ५६.५ टक्के. म्हणजे आजार कमी जणांना होतो, पण झाला की हटत नाही. त्याहून अस्वस्थ करणारा आकडा मुलांचा. २००१ ते २०१५च्या मृत्युनोंदी तपासल्या तेव्हा ५ ते १२ वयाच्या कृष्णवर्णीय मुलांत आत्महत्येचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या साधारण दुप्पट आढळलं.

चिवटपणाची कारणं अनेक आहेत; त्यांतलं एक खुद्द अभिमानातच दडलेलं आहे. ‘आपण कणखर माणसं, आपल्या आजीने याहून भोगलं’ हे ऐकत वाढलेली बाई झोप उडाली, कंबर धरली, भांडण वाढलं, यासाठी मदत मागत नाही. वाफेच्या यंत्राशी शर्यत लावून जिंकलेल्या आणि जिंकताच कोसळून मेलेल्या जॉन हेन्रीची लोककथा अमेरिकेत घरोघर माहीत आहे. साथरोगतज्ज्ञ शर्मन जेम्स यांनी १९८०च्या दशकात उत्तर कॅरोलायनामध्ये त्याच नावाची बारा प्रश्नांची मोजपट्टी वापरून जिद्द मोजली. जिद्द भरपूर आणि शिक्षण, पैसा तुटपुंजा, अशा काळ्या पुरुषांत रक्तदाब वाढलेला दिसला. जिद्दीला साधनांची जोड असेल तर ती इतकी घातक ठरत नाही.

दुसरं कारण दवाखान्यात आहे. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट या दक्षिणेतल्या डॉक्टरने पळून जाणाऱ्या गुलामाला चक्क मनोरुग्ण ठरवणारं निदान काढलं होतं. टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं काळ्या पुरुषांचा सिफिलिस हा गुप्तरोग उपचार न करता नुसता पाहत ठेवला गेला. अशा समाजातला माणूस डॉक्टरपुढे हातचं राखून बोलणारच. ते राखून बोलणं संशयाचं लक्षण म्हणून कागदावर उतरतं आणि नैराश्याच्या जागी स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमांचा गंभीर मनोविकार, लिहिलं जातं. अमेरिकेत हे निदान काळ्या रुग्णांच्या वाट्याला गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त येतं. यावर डॉक्टरांसाठी उपाय साधा आहे, फक्त वेळ खातो. ‘हा संशय तुम्हाला कधीपासून आहे? तुमच्या घरच्यांनाही तसंच वाटतं का?’ हे विचारा. घरच्यांनाही वाटत असेल तर तो अनुभव आहे. घरचेच काळजीत पडले असतील तर पुढे तपासा.

नैराश्य आहे का, अशी स्वतःची किंवा घरच्या माणसाची चाचपणी करायची तर नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली पुरते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येक उत्तराला ० ते ३, कमाल बेरीज २७. दहा किंवा जास्त आली तर डॉक्टर गाठावा. मात्र बेरजेवर विसंबू नये. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे. तिथे एक गुण जरी आला तरी त्याच दिवशी बोलायचं. कणखरपणाचा वारसा सांगणारी माणसं ‘उदास वाटतं का’ला शून्य देतात आणि झोप, थकवा, भूक यांना तीन-तीन. ते शून्य पाहून फसू नका.

मग अभिमानाचं काम काय? माणसाला उपचारापर्यंत, किंवा उपचाराला माणसापर्यंत आणण्याचं. लॉस एंजेलिसमधल्या ५२ केशकर्तनालयांत ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर झालेला प्रयोग २०१८ साली छापून आला. विषय रक्तदाबाचा होता, पण धडा इथेही लागू पडतो. काही दुकानांत नाभिकाने आपुलकीने ‘डॉक्टरकडे जा, मीठ कमी कर’ सांगितलं. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी ९.३ने उतरला. बाकीच्या दुकानांत औषधतज्ज्ञ खुर्चीपाशीच येऊन गोळ्या सुरू करत होता. तिथे २७ने उतरला. आपलं दुकान, आपला माणूस दोन्हीकडे होता. फरक गोळीचा होता.

मनाच्या बाबतीत असंच काम हरारेमध्ये झालं. झिंबाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यातलेच एक डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली एम्बारे वस्तीत दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकून आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या वयस्क बायकांना, म्हणजे आज्यांना, समुपदेशन शिकवलं. आधी तिथल्या शोना भाषेतली, मनाच्या त्रासाबद्दलच्या चौदा प्रश्नांची यादी. नऊ किंवा जास्त ‘हो’ आले तर बाकावर बसायचं. सहा बैठका, दर वेळी साधारण पाऊण तास. पहिल्या बैठकीत सगळ्या अडचणी मोकळ्या करायच्या, त्यांतली एकच निवडायची, आणि आठवडाभरात करता येईल असं एक पाऊल ठरवायचं. आजी सल्ला देत नाही. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच, कारण वयस्क माणसाला सल्ला न देणं फार जड जातं. बैठका संपल्यावर जुन्या-नव्या बायकांचा गट एकत्र बसून पिशव्या विणतो, त्यात चार पैसेही सुटतात. २०१६ साली छापलेल्या चाचणीत ५७३ लोक होते. सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं बाकावर बसलेल्यांपैकी १३.७ टक्क्यांत उरली, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ४९.९ टक्क्यांत.

ती चौदा प्रश्नांची यादी १९९०च्या दशकात हरारेत काम करताना मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी तयार केली होती. नंतर गोव्यात येऊन ते ‘संगाथ’ या मनोआरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या स्थापनेत होते, आणि तिथेही वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांकडून असंच काम करून घेतलं गेलं. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याने ठळक फरक पडला, खासगी दवाखान्यांत पडला नाही.

तुमच्या वस्तीत, विहारात किंवा मंडळात असं काही सुरू करायचं असेल, तर बाक आणि कार्यकर्ते यांच्याआधी एक गोष्ट पक्की करा: ‘जीव द्यावासा वाटतो’ असं कुणी सांगितलं तर कार्यकर्त्याने त्याच क्षणी कोणत्या डॉक्टरला फोन करायचा. त्या डॉक्टरचं नाव, नंबर आणि तो नसेल तेव्हाचा दुसरा नंबर कागदावर लिहून ठेवा. त्याखाली १४४१६ लिहा. ही सरकारची टेलि-मानस सेवा, फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.