विसण

ज्या रुग्णाविषयी लिहीत आहे ते उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख दाखवायला माझ्याकडे आले होते आणि सोळाव्या दिवशी दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजलेल्या अवस्थेत परत आले. ज्या पाण्याने ते भाजले ते माझ्या सांगण्यावरून काढले गेले होते. जखमा भरून आता बरेच दिवस झाले, घरच्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही, तरीही त्या पहिल्या भेटीतली पंधरा मिनिटे मी अजून मनात पुन्हा पुन्हा तपासत असते.

मी कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील एका तालुक्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. जुलैत भाताची रोपलावण सुरू झाली की माझ्याकडे पायांची रांग लागते. गुडघाभर चिखलात दिवस काढणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या अंगवळणी पडतात, आणि तिथली बुरशी वर्षा-दोन वर्षांनी शेजारच्या नखात शिरते. नख पिवळे पडते, जाड होते, त्याच्याखाली भुसा साठतो. तोवर रुग्णाने व्हिनेगर, टूथपेस्ट, लिंबू आणि चुना असे सगळे लावून झालेले असते. औषधांच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम चिठ्ठीशिवाय नेलेले असते, ज्याने खाज थांबते आणि बुरशी निर्धास्तपणे पसरते. ही मलमे अशी सर्रास विकली जाणे हा आपल्याकडचा मोठा अपराध आहे आणि तो अजून थांबलेला नाही.

हे गृहस्थ साठीचे, ऊस आणि भात करणारे, बारा वर्षांपासून मधुमेही. गोळ्या वेळेवर घेणारे, कागद नीट जपून ठेवणारे. नख पाहताक्षणी बुरशी वाटली, तरी तपासल्याशिवाय औषध द्यायचे नाही हा माझा नियम आहे. बिघडलेल्या दिसणाऱ्या नखांपैकी निम्म्याच्या आसपास नखांतच बुरशी सापडते. उरलेल्यांत सोरायसिस असतो, जुना मार असतो, घट्ट बूट असतात. असे असताना नुसते नजरेने पाहून तीन-तीन महिने गोळ्या देणारे माझे काही सहव्यवसायी आहेत आणि त्यांचे रुग्ण वर्षभराने तेच नख घेऊन माझ्याकडे येतात.

नमुना घेण्याचे काम मी कोणाकडे सोपवत नाही. नखाच्या टोकाचा भुसा बहुतेक मृत असतो; तो घेतला तर तपासणीत काही दिसत नाही आणि रुग्णाला बुरशी नाही असे चुकून सांगितले जाते. जिवंत बुरशी मुळाकडे सरकत असते, म्हणून सुटलेला भाग आधी कापून टाकायचा आणि बारीक क्युरेट, म्हणजे खरवडायचे चमच्यासारखे हत्यार, नखाखाली सरकवत रोगट आणि निरोगी भागांच्या सीमेपर्यंत न्यायचा. तिथला चुरा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात टाकायचा. त्वचेचा खवला काही मिनिटांत विरघळतो, नखाला मात्र कित्येक तास लागतात, म्हणून मी नळी रात्रभर ठेवते. सकाळी काचपट्टीवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश मुद्दाम मंद करायचा, की विरघळलेल्या पेशींच्या मधून फांद्या फुटलेले, आडवे पडदे असलेले, काचेच्या दोऱ्यासारखे तंतू दिसू लागतात. या तपासणीचा मला अभिमान आहे.

त्या दिवशीही क्युरेट मी खोलवर नेला. नखाखालचा भाग इतका हळवा असतो की तिथे पोचल्यावर धडधाकट माणूसही पाय आखडून घेतो. हे गृहस्थ शांतपणे खिडकीबाहेर पाऊस बघत बसले होते. मी त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही फारच धीराचे आहात." ते हसले.

दुसऱ्या दिवशी काचपट्टीवर तंतू स्पष्ट दिसले. यकृताच्या चाचण्या करून घेतल्या आणि टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज एक याप्रमाणे बारा आठवड्यांसाठी लिहून दिल्या. नुसत्या लावायच्या औषधाने हे भागणारे नव्हते, कारण बुरशी निम्म्याहून अधिक नखात पसरलेली होती. पायाचे नख महिन्याला एक ते दीड मिलिमीटर वाढते, अंगठ्याचे पूर्ण नवे यायला वर्ष ते दीड वर्ष लागते, त्यामुळे गोळ्या संपल्यावरही नख वाईटच दिसेल, हे मी प्रत्येकाला सांगते. नुसते सांगून पटत नाही, म्हणून निरोगी भाग जिथे संपतो तिथे कानशीने एक बारीक खाच पाडून देते. ती खाच पुढे सरकताना दिसली की माणूस धीर धरतो.

मग घरी करायच्या गोष्टी आल्या. बोटांच्या बेचक्या फडक्याने टिपून कोरड्या करायच्या, चिखल्यांवर मलम लावायचे, रोगट नखाचे नेलकटर वेगळे ठेवायचे, ओले बूट दुसऱ्या दिवशी पायात घालायचे नाहीत, मोजे रोज बदलायचे, घरात आणखी कोणाच्या पायाला बुरशी असेल तर त्यालाही औषध द्यायचे. हे सगळे छापलेले सूचनापत्र मी स्वतः आठ वर्षांपूर्वी तयार केले होते. त्यातले पाचवे वाक्य असे होते: "रोज रात्री दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय बुडवून नख मऊ करावे व पॉलिश पेपरने हलके घासावे." जाड नख घासून पातळ केल्याने वरून लावलेले औषध आत पोचते, म्हणून ते वाक्य मी लिहिले होते. त्यांना ते मोठ्याने वाचूनही दाखवले.

सोळाव्या दिवशी त्यांना मुलगा मोटारसायकलवर घेऊन आला. पायांना मलमलीचे धोतर गुंडाळलेले होते. ते सोडले तेव्हा दोन्ही घोट्यांवर, मोज्याची कड असावी तशी, सरळ रेघ दिसली. रेघेच्या वर निरोगी सावळी कातडी आणि खाली फोड, काही फुटलेले, काही पाण्याने टरारलेले. आधी फोड दिसले तेव्हा त्यांनी ती गोळीची ॲलर्जी समजली होती. मी विचारले, पाणी किती गरम होते? ते म्हणाले, "कोमटच होतं की मॅडम. पायाला कोमट लागेपर्यंत विसण घातलंच नाही."

त्या वाक्याचा अर्थ मला कळायला क्षणभर वेळ लागला. बंबातले कढत पाणी त्यांनी घमेल्यात घेतले, त्यात पाय घातले, पायाला जेमतेम ऊब जाणवली, म्हणून विसण, म्हणजे कढत पाण्यात मिसळायचे गार पाणी, घालायची त्यांना गरजच वाटली नाही. माझे सांगणे त्यांनी तंतोतंत पाळले होते. सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कातडी पाचेक सेकंदांत भाजते आणि ५० अंशांच्या आसपास काही मिनिटे पुरतात. ज्याच्या पायाला कळते तो लगेच पाय बाहेर काढतो. ज्याला कळत नाही तो सांगितलेली दहा मिनिटे पूर्ण करतो.

त्यानंतर मी खणातला मोनोफिलामेंट काढला. हा नायलॉनचा एक ताठ दोरा असतो. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की दहा ग्रॅमचा दाब पडतो, आणि डोळे मिटलेल्या रुग्णाने "लागला" म्हणायचे असते. भाजलेला भाग सोडून दोन्ही तळव्यांवर नऊ ठिकाणी दाबला. ते एकदा "लागला" म्हणाले आणि तेही मी दोरा उचलून घेतल्यावर. त्यांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चप्पल पायातनं निसटलेली ह्यांना कळत न्हाई. रानातनं येताना मागनं मी उचलून आणते." हे त्यांना मी आधी विचारले असते तर त्यांनी तेव्हाच सांगितले असते. त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला मीच सांगितले होते.

या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. मधुमेहात पायांची संवेदना जाऊ शकते, म्हणून मधुमेही माणसाचे पाय वर्षातून एकदा तरी असे तपासायला हवेत. बारा वर्षांत त्यांच्या रक्तातली साखर कितीतरी वेळा मोजली गेली, पण त्यांचे मोजे कोणी उतरवून पाहिले नव्हते, आणि ज्या डॉक्टरने अखेर उतरवले ती नख बघत बसली. ज्याला मी धीर म्हटले ती बधिरता होती, आणि ती ओळखणे माझ्या कामाचा भाग होता.

त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सकांकडे पाठवले. डाव्या टाचेची जखम चिघळली, इन्सुलिन सुरू करावे लागले, आणि सगळे भरून यायला सात आठवडे गेले. बोट कापावे लागले नाही. सात आठवड्यांनी त्यांनी पाय माझ्यासमोर ठेवला तेव्हा अंगठ्यावरची खाच जवळजवळ दोन मिलिमीटर पुढे सरकलेली होती आणि तिच्यामागचे नख स्वच्छ, गुलाबी होते. त्यांनी ती बोटाने मला दाखवली. त्यांना झालेला आनंद खरा होता आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हते.

सूचनापत्रातले पाचवे वाक्य आता काढून टाकले आहे. मधुमेह्याने पाय भिजत ठेवूच नयेत, कारण भाजण्याचा धोका नसला तरी भिजलेल्या बेचक्यांत पुन्हा चिखल्याच होतात. नख मऊ करायला ४० टक्के युरियाचे मलम पुरते आणि ते घासण्याचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाने उजेडात करावे. इतरांसाठी लिहिले आहे की पाणी कोपराने तपासावे, पायाने नव्हे. मोनोफिलामेंट आता खणात नसून क्युरेटच्या शेजारी असतो, आणि त्याच्याआधी वापरला जातो.

पण जुने पत्र आठ वर्षे वाटले गेले आहे. नोंदवही काढून नखाच्या बुरशीचे आणि मधुमेहाचे असे दोन्ही शेरे असलेली नावे मी वेगळी केली. ती सदतीस भरली. एकोणतीस जणांशी फोनवर बोलणे झाले. त्यांतल्या तिघांनी आपण अजूनही रात्री पाय भिजवतो असे सांगितले, एकाने तर पत्र देवघराशेजारच्या भिंतीला चिकटवले आहे. आठ जणांचे क्रमांक लागत नाहीत. त्यांची गावे आमच्या कंपाउंडरच्या माहितीची आहेत, आणि येत्या बाजाराच्या दिवशी तिकडच्या माणसांबरोबर तो निरोप धाडणार आहे.