वार पडली, पण सगळी पडली का?

बाळ रडलं की लेबर रूममधल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, पाणपिशवीच्या पडद्यांसकट ट्रेमध्ये तशीच पडून राहते आणि केसपेपरवर कुणीतरी न बघताच लिहून मोकळं होतं: 'वार व पडदे पूर्ण'. मीही लिहिलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, रात्रपाळीत, लागोपाठ तिसरी डिलिव्हरी. तासाभरात मावशी धावत आल्या, "सिस्टर, पॅड भिजून खाली गळतंय." पोट चोळून गर्भाशय घट्ट करावं तर पुन्हा सैल. आत लिंबाएवढा तुकडा राहिला होता. डॉक्टरांनी काढला, दोन बाटल्या रक्त चढलं, बाई वाचली. पेपरवरचं 'पूर्ण' माझ्याच अक्षरात होतं.

आता एएनएमच्या, म्हणजे नर्स-दाई कोर्सच्या, मुलींना शिकवायला मी वार शिवलीय. मरून ब्लाउजपीस, आत फोम, मागच्या बाजूचे अठरा खंड टिचबटणांनी लावलेले. एक खंड काढून एप्रनच्या खिशात टाकते आणि ट्रे पुढे करते. परवा एकीने दोनदा मोजलं. एकदा अठरा आले, एकदा सतरा. म्हटलं, मोजत बसू नकोस गं, खऱ्या वारेत कधी पंधरा, कधी वीस. ओंजळीत धर, कडा जवळ घे. खंड एकमेकांना बिलगतात का बघ. खड्डा दिसला तिथे बोट ठेव.

पडद्यांच्या जागी कॅरीबॅग लावलीय. तिच्यावर लाल रेशमाची एक शीर वारेची कड ओलांडून जाते आणि एका भोकाशी तुटते. बॅचमधल्या एकीलाही ती खटकली नाही. "ही कुठे निघाली होती, बाजाराला?" मुली हसल्या, मग गप्प झाल्या. अशी वार दिसायला अख्खी असते, पण शेजारचा सुटा छोटा खंड पोटातच राहिलेला असतो.

दुपारी खरी वार मिळाली. वासाने एकजण दाराशी जाऊन उभी राहिली. राहू दे, पहिल्यांदा मीही राहिले होते. ओल्या गॉजने रक्ताच्या गाठी पुसल्या, नाळेचं कापलेलं टोक टिपलं: दोन बारीक धमन्या, एक मोठी नीला. वारेलगत बघू नका, तिथे दोन धमन्या कधी कधी एकच झालेल्या असतात. वजन 480 ग्रॅम, बाळ 2 किलो 900.

बाहेरून आजींनी विचारलं, "वार पडली ना गं सगळी?"

मोजणारी मुलगी पडदे उजेडाकडे धरून उभी होती. "थांबा आजी, बघतेय."