केसांतली वाळू

मटार सोलायचे असले की मी गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतली, गाणी लावते. एक अक्षर कळत नाही, पण हात भराभर चालतात. एडिंबरातल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने १९५१पासून स्कॉटलंडच्या डोंगरांत आणि बेटांवर लोकांच्या घरी जाऊन ही ध्वनिमुद्रणं केली. आता ती घरबसल्या ऐकता येतात. त्यातली बरीचशी गाणी कामाचीच. विणलेलं लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून बायका ते फळीवर दणादण आपटत आणि आपटता आपटता गात. एकदा म्हटलेलं गाणं त्याच बैठकीत परत म्हणायचं नाही, अपशकुन. कापड भिजवायचं साठवून आंबवलेल्या मुतात. गाणी ऐकताना त्या वासाची कल्पनाही करून पाहावी, म्हणजे 'लोकसंस्कृती' हा शब्द जरा जमिनीवर येतो. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्याही अशाच घामाच्या.

गाणी म्हणणाऱ्या या घरांपैकी बरीच क्रॉफ्टरांची. क्रॉफ्टर म्हणजे जमीनदाराकडून खंडाने घेतलेला लहानसा तुकडा कसणारा. तुकड्यात बटाटे, ओट, जव. आणि वर डोंगरावर सगळ्या वाडीचं मिळून एक कुरण. उन्हाळ्यात बायका आणि तरण्या पोरी गुरं घेऊन त्या कुरणावर जात, झोपड्यांत राहत, लोणी-चीज करत.

तिथल्या लोककथांत पाणघोडा म्हणजे माणसाचं रूप घेणारा तळ्यातला घोडा. त्याची गोष्ट या झोपड्यांभोवतीच घडते. एक देखणा परका तरुण येतो, पोरीच्या मांडीवर डोकं ठेवतो, ती त्याचे केस विंचरते. फणीत वाळू येते, पाणवनस्पती येते. पोरगी ओळखते: हा तळ्यातला घोडा, जागा झाला की पाण्यात ओढून नेणार. मग ती डोक्याखालचा घागऱ्याचा तुकडा हळूच कापते आणि घराकडे धूम ठोकते.

आपल्या साती आसरांसारखी, पोरांना पाण्यापासून लांब ठेवणारी गोष्ट, असं म्हणून पुढे जाता येतं. मला मात्र ती त्या झोपडीशिवाय वाचवत नाही. आईबापांची नजर नाही, उन्हाळ्याची लांबच लांब संध्याकाळ, ओळखपाळख नसलेला गडी. अशी मोकळीक पोरींना वर्षातून एकदाच, आणि तीही गुरांच्या कृपेने. कुरण गेलं की गुरं जाणार, गुरं गेली की झोपड्या ओस, आणि मग पाणघोड्याने यायचं तरी कुणाकडे?

कुरणं खरोखरच गेली. जमीनदारांना मेंढ्यांच्या मोठमोठ्या कळपांत पैसा दिसला. स्काय बेटावरच्या ब्रेझच्या लोकांनी बेन ली डोंगरावरची आपली चराई परत मागितली, खंड थकवला, कोर्टाचे कागद जाळले. १८८२च्या एप्रिलमध्ये ग्लासगोहून पन्नासेक पोलीस आले, तेव्हा बायकांनी दगड हाणले. पुढच्याच वर्षी सरकारने क्रॉफ्टरांच्या तक्रारी ऐकायला लॉर्ड नेपियर यांचा आयोग नेमला आणि त्याची पहिली बैठक ब्रेझमध्येच भरली. पहिला साक्षीदार अँगस स्टुअर्ट. गडी हुशार. आधी हमी द्या म्हणाला, बोललो म्हणून मला जमिनीवरून हाकलणार नाही याची. १८८६मध्ये कायदा आला आणि खंड भरणाऱ्याला सहजासहजी उठवणं बंद झालं. चराईचा प्रश्न मात्र बराचसा तसाच राहिला.

या साक्षी वाचताना मन अडकतं ते अलेक्झांडर कारमायकेलपाशी. नोकरी अबकारी खात्यातली, म्हणजे दारूवरचा कर वसूल करणारा साहेब, आणि बेटं पालथी घालून प्रार्थना आणि मंत्र गोळा करण्याचा नाद. अशा माणसापुढे लोक तोंड उघडत, याचंच मला नवल वाटतं. त्याने आयोगासाठी बाहेरच्या हेब्रिडीज बेटांवरच्या चराईच्या रीती लिहून दिल्या. एका घोड्याच्या बदल्यात किती गाई, एका गाईच्या बदल्यात किती मेंढ्या, असा सामाईक कुरणाचा काटेकोर हिशोब. आणि त्याच टिपणात, गुरं डोंगरावर नेताना लोक काय म्हणतात ते सांगायचं म्हणून, त्याने त्यांचं एक स्तोत्र घालून दिलं. आयोगाने खंडाच्या तक्रारींसोबत १८८४च्या अहवालात तेही छापलं.