काचेच्या कपाटातली लोकल

लेगोचे मोठे संच जोडत बसणारी प्रौढ माणसे ठाण्यात आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. आयफेल टॉवरचा १०,००१ भागांचा संच किंवा ताजमहालाचा सुमारे सहा हजार भागांचा संच पुस्तिकेबरहुकूम जोडण्यात निखळ आनंद आहे, हे मी नाकारणार नाही. परंतु पुस्तिका बाजूला ठेवून आपल्या रोजच्या ओळखीची वस्तू त्याच ठोकळ्यांत उभी करायला घेतली, की या छंदातले खरे प्रश्न सुरू होतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली गाडी कर, तिची साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिने कर, असे बऱ्याच जणांनी सुचवले. त्या इंजिनांविषयी आदर आहेच, पण मी रोज लोंबकळतो ते लोकलला, म्हणून लोकलच करायची ठरवली.

प्रमाण रुळांनी ठरवून दिले. लेगोच्या दोन रुळांमधले अंतर ३७.५ मिलिमीटर आणि आपल्या ब्रॉडगेजचे १,६७६ मिलिमीटर, म्हणजे प्रमाण साधारण १:४५ आले. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो. या हिशेबाने तो ८१ मिलिमीटरांचा होतो आणि ८ मिलिमीटरांचा एक स्टड, म्हणजे ठोकळ्यावरच्या एका गोल उंचवट्याची जागा, धरला, तर दहा स्टडमध्ये जवळजवळ अचूक बसतो. तयार संचांतल्या गाड्या बहुधा सहा-आठ स्टड रुंद असतात, त्यांच्या शेजारी आपली लोकल चांगली ऐसपैस दिसते. (आत गर्दी दाखवण्याचा खर्च मात्र परवडणारा नाही, लेगोची माणसे सर्वांत महाग पडतात.)

सर्वांत जास्त वेळ दाराने घेतला. दाराच्या मधोमध असलेला दांडा दाखवायचा, तर लेगोतली नेहमीची दांडी ३.२ मिलिमीटर जाड असते, म्हणजे या प्रमाणात तो दांडा चौदा सेंटीमीटर जाडीचा झाला. गणित सांगते की तो काढून टाकावा. मी तो ठेवला, कारण दांडा नसलेले दार पाहून कुणीही त्या डब्याला लोकल म्हणणार नाही, आणि प्रमाणापेक्षा ओळख पटणे मला महत्त्वाचे वाटते.

रंगाचा निर्णय हा खरे तर जागेचा निर्णय होता. जुनी पिवळी-तपकिरी लोकल मनात होती, पण काही वर्षांपूर्वीचे तपकिरी ठोकळे ठिसूळ असतात आणि काढता-घालताना त्यांचे टवके उडतात. पांढऱ्या-जांभळ्या लोकलची अडचण वेगळी: ठोकळे एबीएस प्लास्टिकचे असल्यामुळे उन्हात पांढरा रंग पिवळा पडत जातो. आमची गॅलरी पश्चिमेला आहे, तेव्हा पांढरी लोकल घ्यायची, तर कपाट हॉलमधून उचलून आतल्या पॅसेजमध्ये नेणे भाग होते. तसे ते नेले. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ बाराही महिने असल्यामुळे काचेची दारे अपरिहार्य होती. तरीही जी धूळ आत शिरते, ती रंगकामाच्या मऊ ब्रशने झाडावी आणि फारच चिकटली, तर भाग सुटे करून कोमट पाण्यात, थोड्या सौम्य साबणाने धुवावेत. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको.

बारा डब्यांची संपूर्ण गाडी या प्रमाणात साडेपाच मीटर भरेल, म्हणजे ती स्वयंपाकघरातून निघून थेट जिन्यात थांबेल. कपाट चार फुटांचे आहे. त्यात दोन डबे बसतात आणि उरलेल्या फूटभर जागेत फलाटाचा तुकडा, बाक आणि इंडिकेटर उभा केला आहे. पावसाळ्याच्या दमटपणात स्टिकर सुटतात, म्हणून इंडिकेटरवर कागदाचीच बदलती पट्टी सरकवली आहे. सध्या तिच्यावर ‘ठाणे, धिमी, १२ डबे’ असे लिहिलेले आहे. उरलेले दहा डबे कुठे आहेत, अशी रीतसर तक्रार धाकट्या पुतण्याने नोंदवली आहे.