तुम्ही विचारलंत म्हणून: मॅडम, तुम्हाला कोण शिकवतं?

‘मॅडम, तुम्ही आम्हाला शिकवता, मग तुम्हाला कोण शिकवतं?’ नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही चर्चासत्रात हा प्रश्न येतोच. विचारणारा गालात हसत असतो आणि बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत असतात. घरचे तेच वेगळ्या सुरात विचारतात: ‘परत ट्रेनिंग? मज्जा आहे बुवा तुमची.’ कृषी विद्यापीठाच्या विस्तार कामात, म्हणजे शेतीतलं नवं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेण्यात, केस पांढरे व्हायला लागले, तरी दोन्हीकडे मी हसून वेळ मारून नेत आले. आता एकदा काय ते सांगूनच टाकते.

आधी मज्जेचं. हो, असते. रेक्झिनची बॅग मिळते, दोन वेळचा बुफे असतो, पायऱ्यांवर उभं राहून ग्रुप फोटो होतो. शेवटच्या दिवशी क्षेत्रभेट असते आणि ते क्षेत्र बऱ्याचदा तीर्थक्षेत्रच निघतं. प्रमाणपत्र पदोन्नतीच्या फाईलला लागतं, म्हणून काही जण तेवढ्यासाठीच येतात. मीही एक-दोनदा तशी गेलेय. पण तारखा आम्ही ठरवत नाही. निधी ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो, म्हणून निम्मी प्रशिक्षणं फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात, म्हणजे नेमकी आमच्याकडे द्राक्षं काढणीला आलेली असताना.

‘पण तुम्हाला तर सगळं येतंच की’ म्हणणाऱ्यांनी २०१० साल आठवावं. छाटणीनंतर वेलीचा जोर आवरायला सगळेच लिहोसिन मारत होते. त्यातल्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर अडकले. कॉलेजात मी जे शिकले त्यातलं निम्मं आज बागेत उभं राहून बोलले तर लोक हसतील. कुठलं औषध फवारल्यावर काढणीला किती दिवस थांबायचं, यंदा परवानगीच्या यादीतून कोणतं औषध गेलं, हे दरवर्षी नव्याने शिकावंच लागतं. पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातले लोक ते नीट शिकवतात. तिथे माझी काही तक्रार नाही.

तक्रार दुसऱ्या गोष्टीची आहे, आणि ती सांगायची तर २०१४ची गारपीट सांगावी लागेल.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस गारा सुरू झाल्या आणि मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर कुठे ना कुठे पडतच राहिल्या. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक तेव्हा, अर्थातच, प्रशिक्षणाला गेले होते. मी आणि कंत्राटी ड्रायव्हर काका जीप घेऊन निफाड तालुक्यात फिरत होतो. पंचनाम्याला अजून कोणी आलं नव्हतं. एका वस्तीवर गेलो तर बागेत पाय ठेवण्याआधीच आंबूस वास आला. पिंक बेरी होऊ नये, म्हणजे मणी गुलाबी पडू नयेत, म्हणून घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळले होते. ते भिजून मण्यांना असे चिकटले होते की कागद सोडवायला जावं तर मण्याची सालही त्याच्याबरोबर निघायची. खाली रसाचा चिखल आणि त्यावर गांधीलमाश्या.

मी माझं सुरू केलं. फुटलेले घड आधी बाहेर काढा, काडीवर जिथे जखमा झाल्यात तिथे बोर्डो मिश्रण फवारा, काढणीनंतरची खरड छाटणी जरा अलीकडे आणता येईल का बघू. अण्णांनी, म्हणजे बागेच्या मालकांनी, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘मॅडम, हे दुकानदाराने कालच फोनवर सांगितलं. तुम्ही आलाच आहात तर पोराशी बोला. तो बोलूच नाही राहिला. जेवतही नाही.’

मुलगा पंचविशीचा असेल. विहिरीच्या कठड्यावर बसला होता. दोनच महिन्यांपूर्वी मी परराज्यातल्या एका संस्थेतून ‘संवाद कौशल्य’ शिकून आले होते. फुगे फोडायचे खेळ झाले होते, स्वतःला ओळखायच्या जोहारी खिडकीचे चारही कप्पे तोंडपाठ होते. त्या शिदोरीवर मी त्याच्याजवळ गेले आणि विचारलं, ‘काडीला जखमा कितपत आहेत?’

हसू नका. माझ्याकडे तेवढीच भाषा होती.

त्याने वर न बघता विचारलं, ‘सोसायटीच्या कर्जाचा हप्ता मार्चअखेर आहे. त्यावर काय फवारायचं?’ पुढे मी उभीच राहिले. नुकसानभरपाईचं काहीतरी बोलले, तेही धड नाही. अण्णा लांबून बघत होते. मला तिथून निघता येईना आणि थांबून काय करायचं तेही कळेना.

तेवढ्यात काका जीपमधून उतरून आले. मुलाला म्हणाले, ‘चल रे, पुढच्या वस्तीचा रस्ता दाखव. मॅडमला ठाऊक नाही आणि मला चकवा लागतो.’ काकांना त्या शिवारातली प्रत्येक वाट पाठ होती. मुलगा उठला आणि जीपमध्ये पुढे बसला. पुढच्या वस्तीला आम्ही गेलोच नाही. काकांनी गाडी फाट्यावरच्या हॉटेलशी उभी केली, मिसळ मागवली आणि स्वतःच्या भावाभावांच्या वाटणीची एक लांबलचक, कंटाळवाणी गोष्ट सुरू केली. मध्येच पाव त्याच्याकडे सरकवायचे. अर्ध्या गोष्टीत मुलगा बोलायला लागला, आणि बोलायला लागला तो थांबेचना. कर्ज किती, बहिणीचं लग्न कधी, व्यापाऱ्याने इसार कसा परत मागितला, सगळं. काकांनी एकही सल्ला दिला नाही. मी तर तोंडच उघडलं नाही. त्या दिवशी मी केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच.

अहवालात मी लिहिलं: ‘एक प्रक्षेत्र भेट, लाभार्थी दोन.’ तो मुलगा आता सिन्नरच्या एमआयडीसीत आहे आणि बाग अण्णा बघतात.

पुढची बरीच वर्षं मी तावातावाने सांगत सुटले की हे काम स्वभावाचं आहे, ते ट्रेनिंगने येत नाही. काकांना कोणी शिकवलं होतं? मीटिंगमध्येही हेच बोलायचे आणि लोक माना डोलवायचे. प्रशिक्षणाचा खर्च वाचवायला हे वाक्य फार सोयीचं आहे, हे मला उशिरा कळलं. काकांचं कंत्राट संपलं आणि ते शाळेच्या बसवर गेले. त्यांना जे येत होतं तेही त्यांच्याबरोबर गेलं, कारण ते कसं करता हे त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. कंत्राटी माणसाला आम्ही प्रशिक्षणाला पाठवत नाही. ‘उद्या सोडून गेला तर?’ हे उत्तर ठरलेलं असतं.

सोय नाही असंही नाही. आणंदची विस्तार शिक्षण संस्था १९६२पासून आहे, हैदराबादची मॅनेज ही कृषी विस्ताराची राष्ट्रीय संस्था १९८७पासून. खत-औषधाच्या दुकानदारांसाठी मॅनेजचा ‘देसी’ डिप्लोमा २००३मध्ये सुरू झाला. तो वर्षभराचा आहे, ४८ आठवड्यांचा. दुकानदाराला वर्ष आणि आम्हाला बहुतेकदा पाच दिवस, त्यातला एक उद्घाटनाचा. शेतीशाळा, म्हणजे शेतातच हंगामभर बघून-करून शिकायचं, आपल्याकडे आता सगळ्यांना माहीत आहे. १९८९मध्ये ती इंडोनेशियात भातावर सुरू झाली, तेव्हा शिकवणाऱ्यांना आधी स्वतः हंगामभर भात लावून काढावा लागायचा. आम्हाला शेतीशाळा स्लाईडवर शिकवली. एसी हॉलमध्ये.

माझं ते ‘स्वभावाचं’ पालुपद सुटल्यावर एकदा प्रशिक्षण गरजांचा फॉर्म आला. त्यात पीक, यंत्र, संगणक अशा चौकटी होत्या आणि तळाशी ‘इतर’ची एक ओळ. तिथे मी लिहिलं, ‘संकटातल्या कुटुंबाशी कसं बोलावं’. वरून शेरा आला: विषयाशी संबंधित नाही. त्या वर्षी माझं नाव ‘सोशल मीडियाचा वापर’ला गेलं. पुढे एकदा खरंच तसं प्रशिक्षण मिळालं. त्यात समोरच्याची गोष्ट मध्ये न बोलता ऐकायची असा सराव होता. अर्धे सहभागी एका मिनिटात सल्ला द्यायला लागले. मीही.

त्याने फरक पडला का? थोडा पडला. पण आता दुसरी शंका छळते. कृषी पदवीधराने समुपदेशक व्हावंच का? टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर २०२२मध्ये सुरू झाला. २०१४मध्ये माझ्याकडे द्यायला फक्त किसान कॉल सेंटरचा नंबर होता, आणि त्यावर फवारणीच सांगतात. आज तो मुलगा समोर असता तर नंबर देऊन मी मोकळी झाले असते का? सहकारी म्हणतात, व्हायला हवं, आपल्या गळ्यात आणखी एक काम कशाला? त्यांचं चुकतं असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. आधीच मेळावे, पीक प्रात्यक्षिकं, ॲपवर फोटो टाकणं हे सगळं आहेच. पण नंबर असला तरी तो कठड्यावरून उठायला हवा ना, आणि मिसळीचं बिल कुठल्या शीर्षाखाली टाकायचं?

मागच्या वर्षी मी सुचवलं की आमच्या पुढच्या प्रशिक्षणात काकांना तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून बोलवू. मानधन द्यायला शैक्षणिक पात्रता लागते, असं उत्तर मिळालं. मी फोनवर काकांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘मी काय बोलणार मॅडम, माईक दिला की माझी दातखीळ बसते.’ तेही खरंच.

यंदाचं नामांकन आलं आहे. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, विषय ड्रोन. मी होकार कळवलाय.