तुम्ही विचारलंत म्हणून: मेटींना सगळं फुकट मिळतं का?

पुण्याहून काकांचा मला इथे कॅनडात फोन आला की हवापाण्यानंतर हा प्रश्न ठरलेला. "तुमच्या विनिपेगमधल्या त्या मेटी लोकांना सरकार सगळं फुकट देतं ना गं? मग सरकारशी बोलणी कसली चालतात सारखी?"

काका, ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण मेटी आहे, म्हणजे इथल्या मूलनिवासी समाजांपैकी एका समाजातली. दाताचं बिल आलं की तीही माझ्यासारखीच कंपनीचा विमा किती देतोय ते बघते आणि उरलेलं खिशातून भरते. औषधं, चष्मा, दात यांसाठी केंद्राची जी योजना आहे, ती नोंदणीकृत फर्स्ट नेशन्स आणि इन्युइट या दुसऱ्या दोन मूलनिवासी गटांसाठी. मेटी त्यात नाहीत.

मेटी म्हणजे फरच्या व्यापारासाठी आलेले युरोपीय पुरुष आणि इथल्या क्री, ओजिब्वे अशा मूलनिवासी समाजांतल्या बायका यांच्या वंशातून घडलेला वेगळा समाज. त्यांची मिचिफ भाषा ऐकण्यासारखी आहे: क्रियापदं क्री, नामं फ्रेंच! विनिपेग ज्या प्रांतात आहे त्या मॅनिटोबाच्या १८७० च्या कायद्यात त्यांच्या मुलांसाठी १४ लाख एकर जमीन कबूल झाली. वाटप वर्षानुवर्षं रखडलं. सरकारने शब्द नीट पाळला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं २०१३ मध्ये.

१९८२ च्या राज्यघटनेत मेटींचं नाव आलं, पण पैशाचा विषय निघाला की टोलवाटोलवी. केंद्र म्हणे प्रांताकडे जा, प्रांत म्हणे केंद्राकडे. आपल्याकडच्या 'पुढच्या खिडकीवर विचारा'सारखंच, फक्त इथे त्यात पिढ्या गेल्या. मेटी नेते हॅरी डॅनियल्स यांनी १९९९ मध्ये दावा लावला, २००४ मध्ये ते वारले, निकाल लागला एप्रिल २०१६ मध्ये: मेटींची घटनात्मक जबाबदारी केंद्राची. त्या निकालाने एकही घर बांधलं नाही की एकही शिष्यवृत्ती दिली नाही. खिडकी कुठली, एवढंच ठरलं.

बोलणी खऱ्या अर्थाने रंगली ती त्यानंतर. २०१७ मध्ये केंद्राशी करार, २०१८ च्या अर्थसंकल्पात घरांसाठी दहा वर्षांत ५० कोटी डॉलर. पण मला वाटतं, रकमेपेक्षा मोठा वाद आहे योजना कोण आखणार, कोण चालवणार याचा. आणि मेटी कोणाला म्हणायचं याचाही. त्यावरून तर २०२१ मध्ये मॅनिटोबातल्या मेटींची संघटना त्यांच्या राष्ट्रीय परिषदेतूनच बाहेर पडली.

हे सगळं ऐकून काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "बरं, पण आयकर तरी भरतात का?"

भरतात, काका.